एकच खड्डा दिसलाय, आता पुढं काय?

संध्यामठ
सोमवार, रात्री ११:५२

मंडळी, विषय जरा वेगळा आहे, सांभाळून घ्या.

मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत क्वालिटीला आहे. दिवसभर कास्टिंगमधले ब्लो होल शोधायचे, रात्री जेवून झोपायचं. सहामाही परीक्षा संपल्यावर नववीतल्या लेकीनं 'प्लॅनेट हंटर्स टेस' नावाची साइट दाखवली. नासाची टेस दुर्बीण आकाशाचा एकेक पट्टा साधारण २७ दिवस बघते. त्यातल्या ताऱ्यांच्या उजेडाचे आलेख तिथं येतात. कुठं उजेड खाली गेलेला दिसला की आपण खूण करायची. ग्रह ताऱ्यासमोरून गेला की उजेड थोडा घटतो, अधिक्रमण म्हणतात ते. काम सोपं आहे आणि वाईट नाद लागतो. आता बायको म्हणते, दिवसा लोखंडातली भोकं आणि रात्री ताऱ्यातली.

परवा रात्री लेक ओरडली, "पप्पा, खड्डा बघितलो!" जवळपास १ टक्का खोल, चौदा तास लांब, तळ बऱ्यापैकी सपाट. सगळ्या २७ दिवसांत एकदाच.

थोडं वाचलं. १ टक्का म्हणजे सूर्यासारख्या ताऱ्यासमोर गुरूएवढा ग्रह. चौदा तास लागले म्हणजे तो ताऱ्याला चिकटून पळत नाही, लांबून सावकाश जातोय, त्यामुळं फार तापलेला नसावा. समशीतोष्ण महाकाय ग्रह. पण एकदाच दिसल्यावर त्याचं वर्ष केवढं हे कसं कळणार? आणि लेकीनं एक विचारलं त्याचं उत्तर मला देता आलं नाही. "त्याच्यावर उभं राहायला जमीनच नाही, मग शोधायचा कशाला?"

गुरुबळ_शून्य
सोमवार, रात्री ११:५८

खड्डे शोधायला दुर्बीण कशाला राव, आमच्या गल्लीत या. १ टक्का नाही, गुडघाभर. आणि रोज दिसतात.

निशाचर_पुणे
मंगळवार, सकाळी ७:१०

"बघितलो"? मुलगी ना?

काहील
मंगळवार, सकाळी ७:३१

पुण्याचे दिसताय. आमच्याकडं पोरी "मी आलो, मी जेवलो"च म्हणतात. व्याकरण तुमच्याकडं ठेवा, खड्डा आमच्याकडं राहू दे.

निशाचर_पुणे
मंगळवार, सकाळी ९:०५

मान्य, माघार. आता कामाचं.

संध्यामठ, एका खड्ड्यावरूनही अंदाज बांधता येतो. सूर्याएवढ्या ताऱ्यासमोरून, पृथ्वीएवढ्या अंतरावरचा ग्रह बरोबर मधून गेला तर साधारण १३ तास लागतात. आपल्या गुरूला बाहेरून कोणी बघितलं तर ३० तासांच्या आसपास. म्हणजे तुमच्या चौदा तासांचा अर्थ वर्षभराची फेरी असा निघतो. पण तारा फुगलेला असेल, किंवा कक्षा लांबोडी असेल, तर हा हिशेब कोसळतो. म्हणून आधी तारा केवढा आहे ते बघा.

असं पूर्वी झालेलं आहे. टीओआय-२१८० बी हा ग्रह टेसच्या आलेखात एकदाच दिसला होता, आणि तो पहिल्यांदा नजरेस पडला तो एका हौशी माणसाच्या. मग दुसऱ्या दुर्बिणींनी ग्रहाच्या ओढीनं होणारं ताऱ्याचं डगमगणं महिनोन्‌महिने मोजलं आणि २०२२ मध्ये ग्रह जाहीर झाला. २६१ दिवसांचं वर्ष, वजन जवळजवळ तीन गुरूंएवढं, आणि अधिक्रमण २४ तासांचं.

या चोवीस तासांत खरी मेख आहे. आपली रात्र दहा-अकरा तासांची. कोल्हापुरातून सुरुवात दिसली तर शेवट अमेरिकेतून बघावा लागणार. त्या ग्रहासाठी ऑगस्ट २०२१ मध्ये तीन खंडांतल्या १४ दुर्बिणी ११ दिवस लावल्या होत्या. खात्रीनं काही सापडलं नाही.

खासबाग
मंगळवार, दुपारी १:२०

लई भारी. पर मला एक सांगा. चौदा दुर्बिणी, अकरा दिवस, आणि घावलं काय तर काय नाय. पोरगी बरोबर बोलती. जमीन नाय, पाणी नाय, माणूस नाय. असल्या फुग्यापायी एवढी धडपड कशाला? पृथ्वीसारखं काय असलं तर सांगा, आम्ही पण बघू.

गुरुबळ_शून्य
मंगळवार, दुपारी १:४४

आमच्या पत्रिकेत गुरुबळ नाही म्हणून तीन वर्षं लग्न अडलंय. दुसऱ्या ताऱ्याचा गुरू चालतो का, कोणी गुरुजींना विचारून सांगेल का? २६१ दिवसांत फेरी मारतो म्हणजे आपल्या बारा वर्षंवाल्यापेक्षा लवकर अनुकूल होईल.

काहील
मंगळवार, दुपारी १:५०

स्थळ ३७९ प्रकाशवर्षांवरचं बघावं लागंल. मुलगी बघायला जाईस्तोवर म्हातारा होशील.

वर्णपटी
मंगळवार, रात्री १०:१५

मी मूळची गडहिंग्लजची, सध्या परदेशात याच विषयाच्या आसपास काम करते. खासबागराव आणि संध्यामठांच्या लेकीचा प्रश्न एकच आहे, तेव्हा जरा लांबण लावते.

१९९५ मध्ये सूर्यासारख्या ताऱ्याभोवती पहिला परग्रह सापडला, ५१ पेगासी बी. शोधणाऱ्या मेयर आणि केलोझ यांना २०१९ मध्ये नोबेल मिळालं. तो ग्रह गुरूच्या जातीचा, पण त्याचं वर्ष फक्त ४.२ दिवसांचं. त्यानंतर अशा भाजून निघालेल्या 'तप्त गुरूं'ची रांग लागली. ते संख्येनं जास्त आहेत म्हणून नव्हे, आपल्याला सहज दिसतात म्हणून. ताऱ्याला इतका चिकटलेला ग्रह आपल्या नजरेच्या रेषेत येण्याची शक्यता दहात एक असते. पृथ्वीच्या अंतरावर ती सव्वादोनशेत एक होते आणि गुरूच्या अंतरावर हजारात एक. शिवाय चार दिवसांनी पुन्हा येणारा सापडतो, वर्षानं येणारा निसटतो. गावात फक्त चौकात बसणारी माणसं मोजायची आणि अख्खं गाव रिकामटेकडं ठरवायचं, तसं झालं.

तप्त गुरू हजार अंशांच्या वर तापलेले असतात आणि त्यातले बरेच फुगतात. फुगलेल्या ग्रहाच्या आकारावरून आत जड मालमसाला किती आहे हे काढणं अवघड. आपले गुरू-शनी दुसऱ्या टोकाला, उणे शंभरच्याही खाली. मधली पायरी म्हणजे हे समशीतोष्ण. फार तापले नाहीत म्हणून फुगले नाहीत, त्यामुळं वजन आणि आकार कळला की पोटात काय आहे याचा हिशेब लागतो. ताऱ्यापासून लांब असल्यामुळं त्यांच्या कक्षेत जन्माच्या वेळच्या खुणाही जास्त टिकतात. तप्त गुरू तिथंच जन्मले की लांबून सरकत आत आले, याचं उत्तर शोधायचं तर या मधल्यांकडंच यावं लागतं.

आणि जमीन नाही हे खरं, पण चंद्र असू शकतात. ताऱ्याला चिकटलेल्या ग्रहाचे चंद्र टिकणं कठीण, लांबच्याचे टिकू शकतात. केपलर-१६२५ बी या २८७ दिवसांच्या ग्रहाला मोठा चंद्र असल्याचा दावा २०१८ मध्ये झाला. त्यावर अजून भांडण चालू आहे, त्यामुळं मी त्याला चंद्र म्हणणार नाही.

खासबाग
मंगळवार, रात्री १०:४०

चौकातल्या माणसांचं पटलं. चंद्राचं नाय पटलं, कारण तुम्हालाच पटल्यालं नाय.

वर्णपटी
मंगळवार, रात्री १०:४३

कबूल :)

अधिक्रमण_२००४
बुधवार, सकाळी ६:२५

माझ्या नावावरून कळलंच असेल. ८ जून २००४. मी तेव्हा राधानगरी तालुक्यात शाळेत शिकवत होतो. १८८२ नंतर पहिल्यांदाच शुक्राचं अधिक्रमण होणार होतं. वेल्डिंगची १४ नंबरची काच आणून पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवली होती. जूनचं आभाळ, सकाळपासून ढग. दुपारी दोनदा फट पडली, मिळून चार-पाच मिनिटं. सूर्यावर तिळाएवढा काळा ठिपका. एका पोरानं काच खाली ठेवून विचारलं, "सर, उजेड कुठं कमी झाला?"

त्या वेळी मला नीट सांगता आलं नाही. शुक्राची रुंदी तेव्हा सूर्याच्या साधारण बत्तिसाव्या भागाएवढी दिसत होती. बत्तिसाचा वर्ग हजाराच्या वर. म्हणजे उजेड हजारात एक भाग कमी. डोळ्याला काय कळणार! तुमच्या लेकीचा खड्डा त्याच्या दहापट आहे. तिला म्हणावं, आमच्यापेक्षा मोठं बघितलंस.

२०१२ ला पुन्हा झालं, सूर्य उगवला तोच शुक्र कपाळावर घेऊन. आता पुढचं २११७ ला.

काहील
बुधवार, सकाळी ८:०२

सर, २११७ ला काच कुणाकडं ठेवू?

मावळतीची_उन्हं
बुधवार, दुपारी ४:३०

मला ग्रहांतलं काही कळत नाही, पण माझं माहेर महाद्वार रोडला आहे आणि हे सगळं वाचताना सारखा किरणोत्सव डोळ्यासमोर येतोय.

बाहेरगावच्यांसाठी सांगते. अंबाबाईच्या देवळात वर्षातून दोन वेळा मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात. गरुड मंडप, गणपती चौक, कासव चौक, पितळी उंबरा असं करत गाभाऱ्यात पोचतात. पहिल्या दिवशी देवीच्या पायांवर, दुसऱ्या दिवशी कमरेच्या वर, तिसऱ्या दिवशी मुखावर. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी. लहानपणी आजीबरोबर जायचो. पितळी उंबऱ्यावर ऊन आलं की तिचा हात माझ्या खांद्यावर घट्ट व्हायचा, ते अजून आठवतं. सगळं काही मिनिटांचं. ढग आला, दमट हवा असली, वाटेत एखादं बांधकाम उंच झालं, की किरणं गुडघ्यावरच थांबतात. मग पुढच्या वेळेची वाट बघायची. तुमच्या ग्रहांचं असंच ना? एका रेषेत आलं तरच दिसणार, आणि हुकलं की हुकलं.

निशाचर_पुणे
बुधवार, संध्याकाळी ६:१२

ताई, हे उदाहरण मी चोरणार आहे.

आणखी एक मजा बघा. २१-२२ डिसेंबर हा दक्षिणायनाचा शेवट. १० नोव्हेंबरपासून तिथपर्यंत ४२ दिवस. तिथून पुढं ४२ दिवस मोजा, १ फेब्रुवारी येते! सूर्य दक्षिणेला जाताना ज्या जागी मावळतो, परत येताना बरोबर तिथंच मावळतो. म्हणून तारखांच्या दोन जोड्या. ज्यानं देऊळ बांधताना हे जुळवलं त्यानं सूर्य किती संध्याकाळी बघितला असेल!

परग्रहाच्या बाबतीत आपल्याला रेषा हलवता येत नाही एवढाच फरक. ती नशिबानं जुळलेली असते किंवा नसते.

खासबाग
बुधवार, संध्याकाळी ६:४०

हे मात्र नाद खुळा. ४२ आणि ४२ मी बोटावर मोजून बघितलं.

संध्यामठ
बुधवार, रात्री ११:२०

सगळ्यांचे आभार. लेक सगळे प्रतिसाद मोठ्यानं वाचतेय, चौकातली माणसं तिला फार आवडली.

एक विचारायचं होतं. आमच्याकडं कास्टिंग वरून गुळगुळीत दिसतं, आणि मशीनिंगला घेतलं की आत पोकळी निघते. म्हणून वजन केल्याशिवाय मी काही पास करत नाही. या खड्ड्यावरून ग्रहाचा आकार कळला, वजन कुठं कळलं? आकार गुरूएवढा पण माल भलताच, असं होऊ शकतं का?

वर्णपटी
गुरुवार, रात्री १२:३५

तुम्ही आमच्या विभागात नोकरी करा. अगदी हेच होतं.

गुरूच्या पुढं वजन कितीही वाढवा, आकार फारसा वाढत नाही, माल नुसता दाबला जातो. त्यामुळं गुरूएवढ्या आकाराचा खड्डा गुरूचाही असू शकतो, त्याच्या पन्नासपट वजनाच्या तपकिरी बटूचाही (ग्रहापेक्षा जड, पण ताऱ्यासारखा न पेटलेला गोळा), आणि एखाद्या लहानशा ताऱ्याचाही. वजन कळायला ताऱ्याचं डगमगणं मोजावं लागतं. आपला गुरू सूर्याला सेकंदाला साडेबारा मीटर एवढाच हलवतो, तेही बारा वर्षांच्या फेरीत. हे आपल्याकडंही मोजलं जातं. माउंट अबूला गुरुशिखरावर अहमदाबादच्या पीआरएलचा 'पारस' वर्णपटमापक आहे. त्यांनी २०२३ मध्ये टीओआय-४६०३ बी जाहीर केला. आकार जवळजवळ गुरूचाच, वजन तेरा गुरूंच्या आसपास, म्हणजे ग्रह आणि तपकिरी बटूच्या अगदी कुंपणावर.

उलटा प्रकारही आहे. एचआयपी ४१३७८ एफ, ५४२ दिवसांची फेरी. आकार शनीच्या जवळपास, वजन फक्त बारा पृथ्वींएवढं. घनता पाण्याच्या दहाव्या भागाहून कमी. तो खरंच कापसाचा गोळा आहे की भोवती कडी असल्यामुळं मोठा भासतो, यावर वाद आहे. तुमच्या भाषेत, कास्टिंग पोकळ आहे की बाहेर फ्लॅश, म्हणजे कडेचा जादा माल, राहिलाय?

काहील
गुरुवार, सकाळी ७:४०

माझा पण एक प्रश्न. समशीतोष्ण म्हणजे नक्की किती? आमच्या गुऱ्हाळात काहील उकळायला लागली की चार हात लांबूनही चटका बसतो. तिथं काय स्थिती?

निशाचर_पुणे
गुरुवार, सकाळी ९:१५

नाव फसवं आहे. वर सांगितलेला टीओआय-२१८० बी अंदाजे ७७ अंश सेल्सियसचा. तुमच्या काहिलीपेक्षा गार, कोल्हापूरच्या मे महिन्यापेक्षा गरम. पण हजार अंशांच्या शेजाऱ्यांत तो समशीतोष्णच. कोरो-९ बी हा २०१० मधला, या जातीतला पहिल्या काहींपैकी. ९५ दिवसांची फेरी, आठ तासांचं अधिक्रमण.

खासबागरावांच्या बाजूनंही एक मुद्दा टाकतो. गार ग्रहाचं वातावरण आखडलेलं असतं, त्यामुळं त्यातून गाळून येणाऱ्या उजेडातली खूण बारीक होते. मिथेन, अमोनिया, पाण्याचे ढग, सगळं बघायचंय खरं, पण तप्त गुरूसारखं ते ताटात वाढून येत नाही. आणि दुर्बिणीचा वेळ मागताना "वर्षातून एकदाच येतो, चोवीस तास द्या" म्हणायचं. कोण देणार?

खासबाग
गुरुवार, सकाळी ९:३०

बघा. मी म्हणत होतो.

मावळतीची_उन्हं
गुरुवार, दुपारी २:१०

वर्षातून दोनदा येतो म्हणून किरणोत्सव सोडून दिला का कोणी?

खासबाग
गुरुवार, दुपारी २:२५

गप बसतो.

अधिक्रमण_२००४
गुरुवार, रात्री ८:००

अवांतर: नारळीकर सरांचा जन्म कोल्हापूरचा, १९३८ चा. त्यांच्या गावात असा धागा निघाला याचा आनंद आहे.

दुसरं अवांतर: २०१९ मध्ये भारताला एका ताऱ्याला आणि त्याच्या ग्रहाला नाव द्यायची संधी मिळाली होती. ताऱ्याचं नाव बिभा ठेवलं, भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरी यांच्यावरून. बंगालीत त्याचा अर्थ प्रकाशाचा किरण असाही होतो. आणि ग्रहाचं नाव संतमस, म्हणजे झाकोळलेला. किरण आणि ढग. किरणोत्सवाची दोन्ही पात्रं आली.

गुरुबळ_शून्य
गुरुवार, रात्री ८:१२

दिलेलं नावही ढगाळच. जूनमध्ये ठेवलं असणार.

निशाचर_पुणे
शुक्रवार, रात्री ९:४०

संध्यामठ, एक राहिलं. टेसचा एक पिक्सेल २१ विकलांचा असतो (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग), फार ढोबळ. शेजारच्या ताऱ्याचा उजेड तुमच्या ताऱ्यात मिसळतो. त्या ताऱ्याच्या आजूबाजूला काय आहे ते बघितलंत का? आणि खड्ड्याच्या कडा परत एकदा बघा, उभ्या आहेत की घसरत्या?

संध्यामठ
रविवार, रात्री १०:०५

बघितलं. साइटवर चर्चेचं पान आहे, तिथल्या जुन्या मंडळींनी आमच्या आधीच तपासलं होतं. दोन पिक्सेल शेजारी एक जोडतारा आहे, एकमेकांना ग्रहण लावणाऱ्यांतला, यादीत आधीपासून नोंदलेला. त्याच्या ग्रहणाची वेळ आणि आमच्या खड्ड्याची वेळ जुळते. शेजाऱ्याच्या घरातला दिवा गेला आणि आम्ही आमचा फ्यूज तपासत बसलो. मोठं करून बघितल्यावर कडाही घसरत्याच निघाल्या. सपाट तळ आम्हाला हवा होता म्हणून दिसला. क्वालिटीच्या माणसानं हे लिहायला नको, पण लिहितो.

रिजेक्ट.

खासबाग
रविवार, रात्री १०:१५

अरारा. पोरगी नाराज झाली का?

संध्यामठ
रविवार, रात्री १०:२२

नाही. "मग दोन तारे घावले की," म्हणाली, आणि पुढचा आलेख उघडला.

निशाचर_पुणे
रविवार, रात्री १०:३०

नोव्हेंबर सरायच्या आत पुण्याला या. माझ्या आठ इंची दुर्बिणीतून एचडी १८९७३३ चं अधिक्रमण टिपू. जंबुक तारकासमूहात, डंबेल तेजोमेघाच्या अगदी शेजारी. तप्त गुरू आहे, समशीतोष्ण नाही, पण २.२ दिवसांनी येतो, दोन तासांत उरकतो आणि खड्डा २ टक्क्यांहून खोल. स्वतः टिपलेला खड्डा वेगळाच असतो. लांबच्यांसाठी युरोपची प्लेटो दुर्बीण येऊ घातली आहे, २६ कॅमेरे घेऊन एकाच पट्ट्याकडं वर्षानुवर्षं टक लावणारी.

काहील
रविवार, रात्री १०:३४

पुण्याला जाताना मिसळ बांधून न्या, तिकडं हाल होतील.

संध्यामठ
मंगळवार, रात्री ८:५०

पुण्याचं नक्की.

आज ११ तारीख. मावळतीची_उन्हं यांचं वाचून लेकीला घेऊन देवळात गेलो होतो. तोबा गर्दी. ऊन पितळी उंबऱ्यापर्यंत छान आलं, सगळे हात जोडून उभे, आणि पश्चिमेला ढग आडवा आला. किरणं गुडघ्यापर्यंत गेली आणि विझली.

घरी येऊन तिनं ताऱ्यांच्या वहीत लिहिलंय: "११ नोव्हेंबर. ढग. गुडघ्यापर्यंत. पुन्हा ३१ जानेवारी."

मावळतीची_उन्हं
मंगळवार, रात्री ९:०४

जानेवारीत या वेळी माझ्याकडं चहाला या. गच्चीवरून मावळती दिसते, ढग आहे की नाही ते आधीच कळेल.

खासबाग
मंगळवार, रात्री ९:३०

त्या साइटची लिंक कुणीतरी टाका. नुसतं बघायला.